तारेतला रोध आणि चंद्रपूरची वीज

वाचकहो, चंद्रपूरहून एक तारमार्ग निघतो आणि सारा महाराष्ट्र ओलांडून ठाणे जिल्ह्यातील पडघे या गावी पोहोचतो. त्याची लांबी ७५२ किलोमीटर. १९९९ साली तो सुरू झाला आणि एका वेळी १५०० मेगावॅट वीज मुंबईच्या बाजूला नेण्याची त्याची ताकद आहे. आता ज्याच्या शिवारावरून या तारा जातात, तो शेतकरी मान वर करून विचारतो, "गुरुजी, एवढी वीज आमच्या डोक्यावरून जाते, मग आमच्याच घरातला दिवा मिणमिण का करतो?" तिकडे पूर्वेला, गडचिरोलीच्या जंगलातल्या एखाद्या टोल्यावरचा माणूस हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, "वीज शेजारच्या जिल्ह्यात तयार होते, मग आमच्याकडे पोचेपर्यंत तिचा जीव का जातो?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अर्धे पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे माणसाच्या व्यवहारात. पदार्थविज्ञानातले उत्तर एका शब्दात सांगायचे तर तो शब्द म्हणजे 'रोध'. तारेतून वीज जाताना तार तिला जी अडवणूक करते, तिला रोध म्हणतात. ही अडवणूक सर्व पदार्थांत सारखी नसते. एवढेच नव्हे, तर एकाच धातूच्या दोन तारांतही ती सारखी नसते. माणसाला हे कसे कळत गेले आणि कळल्यावर त्याने काय केले, त्याचीच ही हकीकत आहे.

हकीकत सुरू होते १७२९ साली, इंग्लंडमध्ये. स्टीफन ग्रे नावाचा एक म्हातारा होता. धंद्याने मूळचा रंगारी. काचेची नळी घासली की तिच्यात वीज उत्पन्न होते आणि ती पिसासारख्या हलक्या वस्तू ओढून घेते, हे तेव्हा ठाऊक होते. ग्रेने त्या नळीला अंबाडीसारख्या वाखाची लांब दोरी जोडली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला हस्तिदंताचा गोळा बांधला, आणि पाहतो तो गोळाही पिसे ओढू लागला! वीज दोरीतून प्रवास करते, असा शोध लागला. ही दोरी त्याने व त्याच्या मित्राने आडवी टांगली होती ती रेशमाच्या धाग्यांवर. एकदा रेशीम तुटले. त्यांनी तेवढीच बारीक पण मजबूत अशी पितळेची तार आधाराला लावली. झाले! वीज पुढे जाईना. पितळेच्या आधारातून ती निसटून गेली. तेव्हा कळले की, प्रश्न आधार बारीक की जाड याचा नाही, तो कशाचा आहे याचा आहे. पितळ वीज वाहून नेते, रेशीम अडवून धरते. सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद माणसाला कळला तो असा.

पण सुवाहक म्हटले म्हणजे सगळे सारखेच का? हेन्री कॅव्हेंडिश या श्रीमंत पण एकलकोंड्या शास्त्रज्ञाने याची तुलना करून पाहिली. त्याच्याजवळ प्रवाह मोजण्याचे यंत्र नव्हते. म्हणून त्याने स्वतःच्या शरीरालाच यंत्र केले. लोखंडी तारेतून किती झटका बसतो, मिठाच्या पाण्यातून किती, साध्या पाण्यातून किती, हे तो स्वतः झटके खाऊन ठरवीत असे. त्याची ही टिपणे त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत. पुढे १८७९ साली मॅक्सवेलने ती प्रसिद्ध केली. १८२१ साली हम्फ्री डेव्ही याने दाखविले की, तार जितकी लांब तितकी अडवणूक जास्त, तार जितकी जाड तितकी अडवणूक कमी; आणि तार तापली की अडवणूक वाढते.

या साऱ्याला नियमाचे रूप दिले ते एका शाळामास्तराने. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हे नाव विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. गेओर्ग ओहम हा एका कुलूपवाल्याचा मुलगा, जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत होता. १८२७ साली त्याने पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला नियम असा : ढकलणारा दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, आणि रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो. किती साधी गोष्ट! पण त्याच्या देशातल्या पुष्कळ विद्वानांनी ती मानली नाही, आणि नाराज होऊन ओहमने नोकरी सोडली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिले. आज रोध मोजण्याच्या मापालाच आपण 'ओहम' म्हणतो.

आता हा रोध धातूच्या पोटात उत्पन्न तरी कसा होतो? मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा डोळ्यांसमोर आणा. वाटेच्या दोन्ही बाजूंना लोक शिस्तीत उभे असतील तर तुम्ही मधून भरभर निघून जाल. वाट अरुंद असली तर कमी माणसे जातील. वाट लांबली तर वेळ जास्त लागेल. आणि उभे असलेले लोकच इकडेतिकडे हलू लागले, धक्काबुक्की करू लागले, तर पावलोपावली तुमची अडवणूक होईल. धातूतही असेच असते. अणू रांगेने बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण त्यांच्यामधून वाट काढतात. तार तापली की अणू अधिक थरथरतात आणि इलेक्ट्रॉन जास्त अडखळतात. धातूत परका अणू मिसळला, तर रांगच बिघडते. अडखळण्यात जी शक्ती खर्च होते, तिचीच उष्णता होते. विजेची शेगडी लाल होते ती याच कारणाने. शेगडीतली नायक्रोमची तार ही निकेल व क्रोमियमची मिश्र धातू. तिचा रोध तेवढ्याच लांबीच्या व तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या साठपटीहून अधिक असतो.

सर्वांत चांगली सुवाहक चांदी. तिच्या अगदी मागोमाग तांबे. मग सोने, मग ॲल्युमिनियम. लोखंड बरेच मागे. त्याचा रोध तांब्याच्या जवळजवळ सहापट. असे असताना आपल्या देशातली पहिली तारायंत्राची लाइन कशाची होती? लोखंडाची! कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ साली तारायंत्राचे प्रयोग केले, आणि त्यात हुगळी नदीच्या पाण्याचाही विजेच्या वाटेसारखा उपयोग करून पाहिला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन सुरू झाली. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई जोडली गेली. ओशॉनेसींनी बोटाएवढ्या जाड लोखंडी सळया वापरल्या. लोखंड अडवणूक जास्त करते हे खरे; पण सळई जाड घेतली की ती अडवणूक भरून निघते, आणि वादळवाऱ्यात किंवा माकडांच्या उड्यांनी ती तुटत नाही. म्हणजे धातू हलका मिळाला तरी जाडीने त्याची उणीव भरून काढता येते. हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे आपल्या गावात त्याचे काम पडणार आहे.

त्याच सुमारास समुद्राच्या तळाशी तांब्याची तार टाकण्याचे काम चालू होते. १८५७ साली विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तांब्याचे निरनिराळे नमुने तपासले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. सगळे तांबेच, दिसायला सारखेच; पण एका कारखान्याची तार वीज भरभर नेते, दुसऱ्याची अडखळत. मॅथिसन या शास्त्रज्ञाने याचे कारण उलगडले : भेसळ. तांब्यात किंचितसे आर्सेनिक राहिले तरी वाहकता झपाट्याने उतरते. दुधात पाणी किती आहे हे गवळी सांगत नाही, पण दुधाची घनता सांगते; तसे तांब्यात भेसळ किती हे त्याचा रोध सांगतो. तेव्हापासून विजेच्या कामाचे तांबे शुद्ध करून आणि तपासूनच घेऊ लागले.

तारायंत्राला लागणारी वीज अगदी थोडी. खरी परीक्षा आली ती दिवे आणि गिरण्या चालविताना. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजघर काढले. वीज होती ११० व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी. तिची मजल सुमारे एक मैल! त्यापुढे तारच सगळी वीज खाऊ लागे. कारण असे की, तारेत जी शक्ती वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट. दहापट झाला तर शंभरपट. याचाच उलट अर्थ असा की, दाब दहापट वाढविला, तर तेवढीच वीज न्यायला प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि नुकसान शंभराव्या हिश्श्यावर येते. उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा दाब रोहित्राने, आपण ज्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतो त्याने, सहज वाढविता व उतरविता येतो. म्हणून १८९१ साली जर्मनीत लाउफेन येथील धबधब्याची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टला नेता आली, आणि १९१५ साली आपल्याकडे खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली.

आता आपण आपल्या चांद्याकडे येऊ. या भागात वरोऱ्याला १८७१ साली कोळशाची खाण सुरू झाली. त्या काळी कोळसाच आगगाडीत भरून दूर नेत. पुढे विचार पालटला : कोळसा वाहून नेण्यापेक्षा खाणीजवळच जाळावा आणि वीज तारेने पाठवावी. दुर्गापूरजवळच्या औष्णिक केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ साली, चंद्रपूरपासून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला होता. जुने दोन संच आता बंद झाले, तरी आज या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे.

एवढी वीज साडेसातशे किलोमीटर न्यायची म्हणजे खेळ नव्हे. १५०० मेगावॅट वीज आपल्या घरच्या २३० व्होल्टनेच पाठवायची म्हटली, तर प्रवाह ६५ लाख अँपियर होईल. त्यासाठी तार नव्हे, धातूचा डोंगर लागेल! शिवाय उलटसुलट वाहणाऱ्या विजेची एक खोड आहे. ती तारेच्या पोटातून सारखी वाहत नाही. कडेकडेने दाटी करते. जाड तारेचा मधला गाभा जवळजवळ बेकार राहतो. एकाच तारेत कडेला प्रवाह जास्त आणि मध्ये कमी! म्हणून मोठ्या तारांत बाहेरून ॲल्युमिनियमचे पदर असतात आणि आत ताण सोसायला पोलादाचा गाभा. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा अडवते जास्त, पण इतके हलके असते की तेवढाच रोध ठेवून तार केली, तर तिचे वजन तांब्याच्या तारेच्या निम्मेच भरते.

लांब पल्ल्यासाठी मग इंजिनियर पुन्हा एकाच दिशेच्या विजेकडे वळले. कारण ती तारेच्या सबंध अंगातून सारखी वाहते. स्वीडनने १९५४ साली गॉटलँड बेटाला समुद्राखालून अशी वीज पुरविली. चंद्रपूर–पडघे मार्ग त्याच वंशातला. एक बाजू अधिक ५०० किलोव्होल्टची, दुसरी उणे ५०० किलोव्होल्टची. दोहोंमधला दाब दहा लाख व्होल्ट. म्हणून १५०० मेगावॅटसाठी फक्त १५०० अँपियर प्रवाह पुरतो. ६५ लाख कुठे आणि दीड हजार कुठे! दोन्ही टोकांना मोठी रूपांतर-केंद्रे आहेत. तिथे सिलिकॉनच्या झडपा, ज्यांना थायरिस्टर म्हणतात, उलटसुलट वीज सरळ करतात आणि पडघ्याला पुन्हा उलटसुलट करतात. सिलिकॉन हा धड सुवाहक नव्हे, धड दुर्वाहक नव्हे. इशारा मिळाला की वाट देतो, एरवी अडवून धरतो.

तेव्हा शिवारातल्या शेतकऱ्याला पहिले उत्तर हे की, त्या तारेला मध्येच फाटा फोडून गावाला वीज देता येत नाही. त्यासाठी तसेच एक प्रचंड केंद्र गावात उभारावे लागेल. गावाची वीज येते ती निराळ्या वाटेने : उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची लाइन, तिथून गावाजवळची डीपी, आणि डीपीपासून घरापर्यंत २३० व्होल्टची तार.

खरी अडवणूक होते ती या शेवटच्या तुकड्यात. हिशेब करून पाहू. समजा, डीपीपासून टोल्यावरच्या शेवटच्या घरापर्यंत जाण्यायेण्याच्या तारेचा रोध मिळून १ ओहम आहे. लोकांनी ३० अँपियर वीज ओढली, तर ३० व्होल्ट वाटेतच गेले. घरात उरले २००. धानाच्या हंगामात प्रवाह ६० अँपियरवर गेला, तर ६० व्होल्ट गेले, उरले १७०. पहिल्या वेळी तारेत ९०० वॅट वाया गेले, दुसऱ्या वेळी ३६००. दिवा मिणमिण करतो, पंखा घुटमळतो. आणि मोटारपंपाचे तर विचारूच नका. दाब उतरला की भरलेला मोटारपंप जास्त प्रवाह ओढतो, तापतो आणि जळतो. त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. हिवाळ्याच्या रात्रीपेक्षा वैशाखातल्या दुपारी तार ६० अंशांनी जास्त तापली, तर अडवणूक जवळजवळ पाव हिश्शाने वाढलेली असते.

दुसरा चोर म्हणजे सैल जोड. ॲल्युमिनियमवर हवेने एक पातळ थर चढतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. म्हणून नुसता पीळ मारलेला जोड काही दिवसांनी गरम होऊ लागतो. जोडाचा रोध १ ओहम झाला आणि १० अँपियर प्रवाह गेला, तर त्या चिमूटभर जागेत १०० वॅट उष्णता निर्माण होते. आग लागते ती इथे. जोड वायरमनकडून घट्ट, योग्य कॉलर घालून करून घ्यावा.

आता जमिनीकडे पाहू, कारण जमीनही एक वाहकच आहे, आणि ती तर तारेपेक्षाही लहरी. वर्धेकाठची काळी ओली जमीन वीज बरी वाहून नेते. धानोरा-भामरागडकडची खडकाळ, कोरडी जमीन पुष्कळच जास्त अडवते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालण्याची रीत आहे ती म्हणूनच. ओल टिकावी आणि रोध कमी राहावा. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. अर्थिंग कोरडे पडले, तर पंपाच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जायच्या ऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते.

कारण माणसाचे शरीरही वाहक आहे. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. भिजलेल्या अंगाचा हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा : ०.२३ अँपियर. याच्या निम्म्याहून कमी प्रवाहही प्राण घ्यायला पुरतो. आणि कोरड्या कातडीवरही भरवसा ठेवू नये; एवढ्या दाबापुढे तिचीही अडवणूक मोडून पडते. कॅव्हेंडिशने अंगावर घेतलेले झटके सौम्य होते. आपल्या खांबावरची वीज तशी नव्हे.

हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. आपल्या जंगलपट्टीत रानडुकरांपासून धान वाचविण्यासाठी, तर कधी शिकारीसाठी, लाइनवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार सोडतात. रात्री दव पडते, गवत ओले होते, धुऱ्यावरची माती ओली होते. त्या तारेने डुकरे मेली, वाघ मेले आणि पहाटे शेतावर निघालेली माणसेही मेली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि २००३ च्या वीज कायद्याने हा गुन्हा आहे. पण कायद्याआधी शेजाऱ्याच्या जिवाचा विचार करावा. सौर कुंपणाचे झटका मशीन वेगळे. ते क्षणभराचा झटका देते आणि थांबते. जनावर घाबरून मागे फिरते. तेही मान्यताप्राप्त असावे आणि त्याला लाइनची तार कधीही थेट जोडू नये.

शिक्षकांना एक सूचना. दोन सेल, विजेरीचा छोटा बल्ब आणि पेन्सिलीचे मोकळे शिसे घ्या. शिशाच्या जवळच्या दोन ठिकाणी तारा टेकवा, मग हळूहळू दूर न्या. बल्ब मंद होत जाईल. लांबीने रोध वाढतो हे पोरांना डोळ्यांनी दिसेल. प्रयोग सेलवरच करायचा, भिंतीतल्या खटक्यावर कधीही नाही.

आणि गावकरी मंडळींना एक सूचना. दाब कमी येतो अशी नुसती तक्रार करू नका. संध्याकाळी पंप चालू असताना शेवटच्या घरात किती व्होल्ट भरतात, ते वायरमनकडून मोजून घ्या. डीपी किती मीटर दूर आहे, तार किती जाड आहे, तिच्यावर किती पंप आणि किती घरे आहेत, हे अर्जात लिहा. उपाय दोनच आहेत आणि दोन्ही जुने आहेत : तार जाड करणे, नाहीतर डीपी टोल्याजवळ आणून जास्त दाबाची वाट लांबविणे. पहिला ओशॉनेसीने केला, दुसरा लाउफेनच्या इंजिनियरांनी. तारेने अडवणूक करावी हा निसर्गाचा नियम आहे, तो मुंबईलाही आहे आणि टोल्यालाही. मुंबईसाठी ती अडवणूक ७५२ किलोमीटरपर्यंत जिंकता आली. मग टोल्यावरच्या शेवटच्या घरापर्यंत कोणती तार न्यायची, हे ठरवणे माणसांच्याच हाती आहे. आणि असा मोजमापाचा अर्ज समोर आला म्हणजे "तिकडे वीज जातच नाही" एवढ्यावर कोणालाही भागवता येणार नाही.